समाजविरोधी वर्तन : मेंदू, परिस्थिती आणि गोटमारीचा दाखला

प्रास्ताविक

मराठीत 'खाण तशी माती' अशी एक म्हण आहे आणि 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' अशी दुसरी. पहिली म्हण माणसाच्या वर्तनाचे मूळ रक्तात शोधते, तर दुसरी संगतीत. उर्दूत हाच वाद 'फितरत' आणि 'तरबियत' या दोन शब्दांत सामावलेला आहे. महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी मारामारीत सापडला, परीक्षेत दमदाटी करताना पकडला गेला किंवा त्याचे नाव पोलीस ठाण्यात पोहोचले, की शिक्षकांच्या खोलीत या दोन म्हणींपैकी एखादी हमखास ऐकू येते. 'त्याचं घरच तसं आहे' या एका वाक्यात तर दोन्ही म्हणी एकदम येतात, कारण घर म्हणजे वंशही आणि वातावरणही.

गेल्या तीन-चार दशकांत मेंदूविज्ञानाने या जुन्या वादात बरीच भर घातली आहे. परंतु या संशोधनाचा सामान्य चर्चेत होणारा वापर मात्र अनेकदा एकांगी असतो. कोणी 'दोष मेंदूतच आहे' असे म्हणून मोकळा होतो, तर कोणी 'सारा दोष परिस्थितीचा' असा निर्वाळा देतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही स्पष्टीकरणांची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी पांढुर्णा-सौंसर परिसरातील गोटमार, शेजारच्या मुलताई तालुक्यातील चौथियाची घटना आणि मराठी व उर्दूतील प्रत्येकी एक साहित्यकृती यांचा आधार घेतला आहे.

गोटमार : एक दिवसाची मुभा

२०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा बनला आहे. राज्य मध्य प्रदेश असले तरी बोली, सणवार आणि नातीगोती यांनी हा प्रदेश विदर्भाशी जोडलेला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात लहान मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. त्याच दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावला जातो. दोन्ही काठांवर लोक जमतात आणि झेंडा मिळवण्यासाठी एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या चरणी अर्पण केला जातो. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदी ओलांडताना त्यांच्यावर दगडफेक झाली आणि पांढुर्णेकरांनी त्याला प्रत्युत्तर दिले, अशी दंतकथा या प्रथेमागे सांगितली जाते.

या एका दिवसात दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कोणाचे डोके फुटते, कोणाचा हात मोडतो. काहींनी प्राणही गमावले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदीचे आदेशही काढले. परंतु लोक पुन्हा दगडांकडेच वळले. आता नदीकाठी रुग्णवाहिका आणि डॉक्टरांची पथके आधीपासून सज्ज ठेवली जातात, म्हणजेच डोकी फुटणार हे शासनही गृहीत धरून चालते.

संशोधकाच्या दृष्टीने गोटमारीचे महत्त्व निराळेच आहे. दगड भिरकावणारा हात वर्षाचे उरलेले दिवस काय करीत असतो? तो संत्र्याच्या बागेत पेट्या भरतो, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात पाळी सांभाळतो, दुकान चालवतो, मुलांच्या शाळेची फी भरतो. दुसऱ्या दिवशी सावरगावचा माणूस पांढुर्ण्याच्या बाजारात येतो आणि आदल्या दिवशीच्या दगडाचा राग कोणी धरत नाही. मेंदू तोच असतो, जनुके तीच असतात. बदललेली असते ती परिस्थिती. परंपरेची संमती असते, गर्दी असते, समोर 'पलीकडचा' असतो आणि आपण एकटे नाही ही जाणीव असते. दारूचीही अनेकदा भर पडते.

एवढ्यावरून 'परिस्थितीच सर्व काही' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु त्याच नदीकाठी हजारो लोक केवळ पाहत उभे असतात. गाव तेच, परंपरा तीच, वयही तेच. तरी एक तरुण दगड उचलतो आणि दुसरा उचलत नाही. एकजण झाडापर्यंत जातो, तर दुसरा चार दगड टाकून माघारी येतो. या फरकाचे उत्तर केवळ परिस्थितीजवळ नाही. गोटमार ही अशा रीतीने दोन्ही एकांगी मतांची परीक्षा घेते आणि दोघांनाही अपुरे ठरवते.

'दोष मेंदूत' या मताची चिकित्सा

मेंदूतील बिघाड आणि वर्तन यांच्या संबंधाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील फिनिअस गेज याचे आहे. १८४८ साली रेल्वेमार्गाच्या कामावर झालेल्या स्फोटात एक लोखंडी कांब त्याच्या गालातून शिरून कवटीबाहेर पडली. तो वाचला, परंतु मेंदूच्या कपाळामागील भागाला इजा झाल्याने पूर्वी जबाबदार असलेला हा मुकादम शिवराळ व लहरी बनला, असे त्याच्या डॉक्टरने नोंदवले. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही कथा बहुधा येथेच संपते. प्रत्यक्षात गेज पुढे चिली देशात गेला आणि तेथे त्याने अनेक वर्षे घोड्यांची प्रवासी गाडी हाकण्याचे काम केले. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ आणि प्रवाशांशी रोजचा व्यवहार असलेल्या या कामाने त्याला पुष्कळ सावरले असावे, असे नंतरच्या अभ्यासकांना वाटते. म्हणजे मेंदूच्या बिघाडाचा हा आद्य दाखलासुद्धा परिस्थितीला वगळून पुरा होत नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन यांनी १९९७ साली खुनाच्या ४१ आरोपींच्या मेंदूंची तुलना तेवढ्याच सामान्य व्यक्तींच्या मेंदूंशी केली. आरोपींच्या मेंदूच्या कपाळामागील भागाचे कार्य मंद असल्याचे त्यांना दिसले. हा भाग म्हणजे मनाचा लगाम होय. परिणामांचा विचार करणे, आवेग आवरणे, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून स्वतःला थोपवणे ही कामे तो करतो. भय आणि राग यांची पहिली खबर घेणारा अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग आणि हा लगाम यांतील संतुलन बिघडले, तर माणूस चटकन हात उगारतो, असे या संशोधनाचे स्थूल सूत्र आहे.

परंतु रेन यांच्याच पुढच्या विश्लेषणाने एक विलक्षण गोष्ट पुढे आणली. ज्या आरोपींचे बालपण हलाखीत, मारहाणीत वा उपेक्षेत गेले नव्हते, त्यांच्यात हा मेंदूतील उणेपणा अधिक ठळक होता. याचा अर्थ असा की, ज्याला परिस्थितीने हिंसेकडे ढकलले त्याचा मेंदू बहुधा बराचसा सामान्य असतो. आणि ज्याला परिस्थितीने ढकलले नाही, तरीही तो हिंसक झाला, त्याच्या बाबतीत मेंदूकडे पाहावे लागते. गरीब वस्तीतील मुलाच्या गुन्ह्याला 'त्याच्या डोक्यातच दोष' असे म्हणण्याची जी सवय आहे, तिच्या नेमके उलट हे निरीक्षण आहे.

'दोष मेंदूत' या मताचा इतिहासही दुर्लक्षून चालणार नाही. इटलीतील सिझरे लोम्ब्रोसो याने १८७६ साली 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना मांडली आणि कवटीच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो असा दावा केला. शास्त्राने तो दावा केव्हाच फेटाळला. मात्र भारतात त्यापूर्वी पाच वर्षे, म्हणजे १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा झाला होता. त्यामागील युक्तिवाद कवटीचा नव्हता, जातीचा होता. सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तसे चोरीचाही वंशपरंपरागत धंदा असणारे लोक आहेत, असे तो मानत असे. हा कायदा १९११ साली देशभर लागू करण्यात आला. जमातींची नोंद, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडण्यास परवाना आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती असे त्याचे स्वरूप होते. जन्मालाच पुरावा मानणारा हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला. त्या कायद्याची दृष्टी मात्र त्याच दिवशी संपली नाही.

'दोष परिस्थितीचा' या मताची चिकित्सा

पुरोगामी चर्चेत याच्या विरुद्ध टोकाचे मत प्रचलित आहे. दारिद्र्य, निरक्षरता आणि वाईट संगत यांतून गुन्हा जन्मतो, असे ते मत सांगते. या मतामागील करुणा मोलाची आहे. चौदाव्या शतकात इब्न खल्दून याने 'मुकद्दिमा'मध्ये माणसाच्या उपजत प्रकृतीपेक्षा त्याच्या सवयी आणि सरावाचे वातावरण यांना अधिक महत्त्व दिले होते, हेही येथे स्मरणीय आहे. तथापि दारिद्र्य हेच पुरेसे कारण असते, तर झोपडपट्टीतील बहुसंख्य मुले गुन्हेगार झाली असती. तसे होत नाही. उलट सुखवस्तू घरांतील मुलेही क्रूर गुन्हे करतात.

या मताचा आणखी एक दोष आहे. ते परिस्थितीला केवळ बाहेरची वस्तू मानते, जणू माणूस जसाच्या तसा असतो आणि परिस्थिती त्याला अंगरख्यासारखी घातली जाते. प्रत्यक्षात परिस्थिती शरीरात उतरते. गर्भारपणातील कुपोषण, बालपणीची मारहाण, घरातील सततची भीती, शिशासारखे विषारी धातू या सर्व 'परिस्थितीच्या' गोष्टी आहेत आणि त्या सर्व मेंदूच्या घडणीवर परिणाम करतात. सतत धाक सोसणाऱ्या मुलाची शरीरव्यवस्था सतत सावध राहण्यास शिकते. त्याला साध्या नजरेतही वैर दिसू लागते. असा मुलगा वर्गात धक्का लागताच उसळून उठतो, तेव्हा दोष मेंदूचा की घराचा हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कारण घरच त्याच्या मेंदूत जाऊन बसलेले असते.

दोहोंच्या संयोगाचे पुरावे

मेंदू आणि परिस्थिती एकमेकांशी कशा गुंततात, यावर गेल्या काही दशकांत महत्त्वाचे अभ्यास झाले. त्यांपैकी चार अभ्यास शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत.

पहिला अभ्यास डेन्मार्कमधील आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४,२६९ मुलग्यांच्या जन्मापासूनच्या नोंदी तपासल्या गेल्या. जन्मावेळी गुंतागुंत झालेली आणि पहिल्याच वर्षी आईची माया न लाभलेली, अशी दोन्ही संकटे सोसणारी मुले एकूण मुलांच्या केवळ ४.५ टक्के होती. परंतु अठरा वर्षांपर्यंतच्या हिंसक गुन्ह्यांपैकी १८ टक्के गुन्हे त्यांच्या नावावर होते. केवळ एकच संकट सोसलेल्या मुलांत असा वाढीव धोका दिसला नाही.

दुसरा अभ्यास न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहराचा आहे. तेथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा पाठपुरावा अजूनही चालू आहे. मेंदूतील काही रसायनांचे विघटन करणाऱ्या 'एमएओए' या विकराचे जनुक काहींत मंद, तर काहींत सक्रिय असते. २००२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार, मंद जनुक आणि बालपणीचा छळ या दोन्ही गोष्टी वाट्याला आलेले मुलगे १२ टक्के होते. परंतु हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी ४४ टक्के शिक्षा त्यांना झाल्या होत्या. मंद जनुक असूनही ज्यांचा छळ झाला नाही, ती मुले मात्र इतरांसारखीच निघाली. पुढील काही अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक आढळला नाही, म्हणून एकाच जनुकावर फार मोठी इमारत उभारणे योग्य नाही. वृत्तपत्रांनी मात्र याला 'योद्ध्याचे जनुक' असे नाव देऊन लोम्ब्रोसोला मागील दाराने आत घेतले. मूळ संशोधन सांगत होते की मायेने वाढवलेल्या मुलात हे जनुक निरुपद्रवी राहते.

तिसरा अभ्यास मॉरिशसमधील आहे. तेथे तीन ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांना सकस आहार, व्यायाम आणि चांगले बालशिक्षण देण्यात आले. ही मुले तेवीस वर्षांची झाली तेव्हा, असा लाभ न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत त्यांच्यात गुन्हेगारी वर्तन कमी आढळले. सुरुवातीला जी मुले कुपोषित होती, त्यांना याचा फायदा सर्वाधिक झाला. अंगणवाडीतील ताट हेसुद्धा गुन्हे रोखण्याचे साधन ठरू शकते, असा याचा अर्थ होतो.

चौथा अभ्यास पुन्हा गोटमारीकडे नेणारा आहे. २०११ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात तरुणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. मित्र पाहत आहेत हे कळताच किशोरवयीन मुले जास्त धोका पत्करू लागली आणि त्यांच्या मेंदूतील सुखाची चाहूल घेणारा भाग अधिक उत्तेजित झाला. प्रौढांत असा फरक पडला नाही. मेंदूचा लगाम विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, तर उत्तेजनाचा भाग त्याआधीच जोमात आलेला असतो. नदीच्या काठावर मित्रांच्या घोळक्यात उभा असलेला सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या मागे उभा असलेला पंचेचाळीस वर्षांचा काका एकाच परिस्थितीत असतात. परंतु ती परिस्थिती दोघांच्या मेंदूंत सारखी पोहोचत नाही. कोण दगड उचलतो आणि कोण नाही, या वर उपस्थित केलेल्या प्रश्नाचे काही अंशी उत्तर येथे सापडते.

साहित्याची साक्ष

शास्त्रज्ञांनी आकड्यांत मांडलेली ही गोष्ट साहित्यिकांनी आधीच अनुभवाच्या भाषेत मांडली होती. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्यास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. चोरी हे येथे रक्तातून आलेले वेड नसून शिकवलेले कसब आहे. लहान मुलांना ते कसब शिकवले जाते. पोलिसांचा मार पडला तरी तोंड उघडू नये म्हणून त्यांना मार खाण्याचीही सवय लावली जाते. उपासमार, पोलिसांची भीती आणि गावाचा संशय या तिहेरी वेढ्यात ही शिकवण चालते. मेंदूविज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर वेदनेला आणि भीतीला बधिर होणे हाच येथला अभ्यासक्रम आहे.

परंतु 'उचल्या'चे खरे बळ दुसऱ्या गोष्टीत आहे. त्याच वस्तीतला, त्याच घरातला लक्ष्मण शाळेत जातो. वडील त्याला शाळेत घालतात, तेव्हा वस्तीतील मुले आजारी पडली याचा दोषसुद्धा त्याच्या शाळेत जाण्यावर ठेवला जातो. पुढे तो सूतगिरणीत कामगार होतो आणि चळवळीत उतरतो. 'गुन्हेगार जमात' या कल्पनेचे इतके सरळ खंडन क्वचितच सापडेल. रक्त तेच राहिले. पाटी-पेन्सिलीने वाट बदलली. या ग्रंथाकडे केवळ दुःखाची कहाणी म्हणून पाहणाऱ्या समीक्षेने हा मुद्दा पुरेसा अधोरेखित केलेला नाही.

सआदत हसन मंटो यांची 'ठंडा गोश्त' ही फाळणीनंतरची कथा याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. नायक ईशरसिंग हा जन्माचा खुनी नाही. दंगलीने मुभा दिली म्हणून तो लूटमार करतो, खून करतो, एका मुलीला उचलून नेतो. आणि ती मृत असल्याचे उमगताच त्याचे शरीर थंड पडते. मंटोंवर या कथेसाठी अश्लीलतेचा खटला चालला आणि चर्चा बराच काळ त्याच अंगाने होत राहिली. कथेचे मर्म वेगळेच आहे. जमावाच्या परिस्थितीने नायकाच्या हाताला मोकळीक दिली, परंतु त्याच्या मज्जासंस्थेने ती पूर्णतः स्वीकारली नाही. विवेक शब्दांत बोलला नाही, तो शरीरात गोठला. परिस्थिती माणसाला किती दूर नेऊ शकते आणि माणसातील काहीतरी तिला कोठे अडवते, हे दोन्ही या लहानशा कथेत एकत्र पाहावयास मिळते.

चौथिया : शिक्का कोणावर बसतो?

पांढुर्ण्याला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यात मुलताई तालुका आहे. तेथील चौथिया गावी पारधी समाजाची वस्ती होती. सप्टेंबर २००७ मध्ये परिसरातील एका स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली आणि पारधी समाजातील काही जणांवर आरोप आला. गुन्हा अत्यंत घृणास्पद होता. परंतु त्यानंतर जमावाने आरोपींपुरते न थांबता संपूर्ण वस्तीच जाळून उद्ध्वस्त केली. शेकडो स्त्री-पुरुष आणि मुले बेघर झाली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास पुढे सीबीआयकडे गेला.

ही घटना गोटमारीच्या शेजारी ठेवून पाहिली, तर समाजाच्या विचारातील विसंगती उघड होते. जाम नदीवर दर वर्षी शेकडो डोकी फुटतात, पण पांढुर्ण्याचा माणूस जन्मतःच हिंसक असतो असे कोणी म्हणत नाही. म्हणूही नये. तेथे प्रथा, गर्दी, उत्साह अशी कारणे आपण समजून घेतो. चौथियात मात्र काही जणांवरील आरोप हा सगळ्या जमातीचा स्वभाव ठरला. जे जमाव करून आग लावत होते, त्यांच्या वर्तनाला कोणी त्यांच्या जातीचा गुण म्हटले नाही. थोडक्यात, आपल्यातल्यांच्या बाबतीत आपण परिस्थितीचे स्पष्टीकरण वापरतो आणि परक्यांच्या बाबतीत रक्ताचे. मेंदू की परिस्थिती, हा वाद पुष्कळदा शास्त्राचा नसतो. कोणाला क्षमा करायची आणि कोणाला नाही, हे आधीच ठरवून मग शास्त्र बोलावले जाते.

'समाजविरोधी' ही संज्ञासुद्धा म्हणूनच तपासून घ्यावी लागते. ज्या वर्तनाने दुसऱ्याला इजा होते, त्याचा हक्क हिरावला जातो आणि करणाऱ्याला त्याची खंत वाटत नाही, ते वर्तन समाजविरोधी, असा अर्थ घेतला तर जमावाची जाळपोळ त्यात आधी बसते. पाल टाकून रस्त्याकडेला झोपलेले कुटुंब मात्र बसत नाही, जरी पोलिसांच्या संशयाची पहिली नजर त्याच्याकडेच वळत असली तरी.

कायद्याची वाटचाल

कायद्याने अलीकडे या प्रश्नाची दखल दोन ठिकाणी घेतली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वर्षे वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची पात्रता आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन केले जाते. त्यावरून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवायचा की नाही हे ठरते. मेंदू आणि परिस्थिती यांना एकाच तरतुदीत स्थान मिळाले, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु परिणाम 'समजणे' आणि आवेगाच्या क्षणी स्वतःला 'आवरणे' या दोन भिन्न क्षमता आहेत. शांत खोलीत विचारलेल्या प्रश्नांना बरोबर उत्तरे देणारा सतरा वर्षांचा मुलगा मित्रांच्या घोळक्यात तेवढाच समंजस राहील असे नाही. हे मूल्यांकन नाजूक असून त्यासाठी तज्ज्ञांचे साहाय्य हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले.

दुसरा टप्पा ऑक्टोबर २०२४ चा. कारागृहांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारित कामाची विभागणी आणि विमुक्त जमातींतील व्यक्तींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. १८७१ च्या कायद्याची सावली कारागृहाच्या नियमांतून पुसण्याचा आदेश निघण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

शिक्षकांपुढील प्रश्न

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली समाजविरोधी वर्तन करणाऱ्यांचे दोन गट सांगितले. एक गट लहानपणापासून आयुष्यभर तसे वर्तन करणारा, आणि तो फार लहान असतो. दुसरा गट केवळ किशोरवयात भरकटणारा, आणि तो फार मोठा असतो. दुसऱ्या गटातील बहुतेक मुले विशी ओलांडताना आपोआप सावरतात. त्यांच्या सावरण्यात अडथळा येतो तो पोलीस नोंदीने, शिक्षण सुटल्याने आणि एकदा बसलेल्या शिक्क्याने. महाविद्यालयात येणारी मुले नेमकी याच वयाची असतात. समोर उभा असलेला मुलगा कोणत्या गटातला हे त्या वयात खात्रीने सांगता येत नाही. मग संख्येचा विचार केला तरी तो सावरणाऱ्या गटातला असण्याचीच शक्यता अधिक असते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. मेंदू आणि परिस्थिती यांनीच सर्व ठरवले, तर जबाबदारी कोणाची? शिक्षा कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. ज्याचे डोके फुटले त्याच्या वेदनेला जनुकाचे कारण सांगून उत्तर मिळत नाही. परंतु कारण सांगणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. उलट वर्तन बदलू शकते हे मान्य केले, तरच जबाबदारीला अर्थ येतो. रक्तातच दोष आहे असे मानले, तर मुलाकडून सुधारण्याची अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? आणि सारा दोष परिस्थितीचा मानला, तर त्याच्या स्वतःच्या प्रयत्नाला जागा कोठे उरते? मेंदू घडतो, पुन्हा घडू शकतो आणि त्या घडणीत स्वतः मुलगा, घर, शाळा व शासन या सर्वांचा वाटा असतो. त्यामुळे जबाबदारी नाहीशी होत नाही, ती वाटली जाते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की मेंदू आणि परिस्थिती हे दोन स्वतंत्र आरोपी नाहीत. परिस्थिती मेंदूत उतरते आणि प्रत्येक मेंदू एकाच परिस्थितीला वेगळा प्रतिसाद देतो. गोटमारीचा हात, 'उचल्या'तील शाळकरी मुलगा, चौथियाची जळलेली वस्ती आणि मॉरिशसच्या बालवाडीतील जेवण ही सर्व याच एका सूत्राची उदाहरणे होत.

या सूत्रातून शिक्षकांसाठी काही रोखठोक गोष्टी निघतात. वर्गात उसळणाऱ्या मुलाला चारचौघांसमोर अपमानित केल्यास मित्रांसमोर बेभान होणारा त्याचा मेंदू अधिकच पेटतो. तेच बोलणे एकांतात केल्यास लगामाला काम करण्यास अवसर मिळतो. घरी मार खाणाऱ्या मुलाला शाळेतही मारच मिळाला, तर त्याच्या मेंदूचा संशय खरा ठरतो. गेजला ठरलेल्या वाटेच्या कामाने सावरले असेल, तर भरकटलेल्या मुलाला प्रथम हवे असते ते वेळापत्रक आणि त्याच्यावर सोपवलेले एखादे काम. आणि शिक्षकांच्या खोलीत 'त्याचं घरच तसं आहे' हे वाक्य उच्चारले गेले, तर ते चर्चेचा शेवट न मानता तेथून चौकशीला प्रारंभ व्हावा. घर कसे आहे? मुलाला कशाची भीती आहे? तो पोटभर जेवतो का? रात्री झोपतो का? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही. ती उत्तरे मिळाली, की कोणती म्हण खरी हा वाद बाजूला राहतो आणि त्या मुलासाठी काय करता येईल, हा प्रश्न पुढे येतो.